श्नीडेयोखची वाट

स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतात 1068 मीटर उंचीवर लेंक नावाचे गाव आहे. उन्हाळ्यात तिथून इफिगेनआल्पच्या कुरणापर्यंत बस जाते आणि पुढे पायवाट सुरू होते. दीडेक तासाच्या चढानंतर 2065 मीटरवर इफिगझे हे तळे लागते. तळ्याच्या वर गिर्यारोहकांचा विल्डहॉर्न हा निवारा आहे आणि त्याच्याही वर, सुट्या दगडगोट्यांतून चढत गेले की 2756 मीटरवर श्नीडेयोख ही खिंड येते. पलीकडचा उतार वॅले प्रांतात, रोन नदीच्या खोऱ्याकडे जातो. जर्मनमध्ये खिंडीला ‘योख’ म्हणतात आणि बैलांच्या मानेवरच्या जुवालाही ‘योख’च म्हणतात. संस्कृतातले ‘युग’ आणि आपले ‘जू’ याच मुळातून आलेले आहेत. आज इथे येणारे बहुतेक जण या वाटेकडे माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग म्हणून पाहतात. मला मात्र जुवाचा अर्थ अधिक खरा वाटतो. दोन खोऱ्यांना जोडणारी ही रोजच्या कामाची वाट होती. गुरे राखणाऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी ती वापरली, बर्फाने ती वेळोवेळी बंद केली आणि पुन्हा उघडली. ही गोष्ट मान्य केली की आज खिंडीतले बर्फ नाहीसे होण्याचा अर्थही वेगळा लागतो.

पुरावा हाती आला तो 2003 च्या उन्हाळ्यात. युरोपात त्या वर्षी विलक्षण उष्णता होती. खिंडीजवळचा बर्फाचा एक लहान पट्टा आकसला आणि तिथून जाणाऱ्या पदयात्रीला भूर्जाच्या सालीचा एक तुकडा दिसला. आपल्याकडे ज्या भूर्जपत्रांवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्यांच्याच कुळातले हे झाड. तो तुकडा नवाश्मयुगीन ठरला, आणि पुढची काही वर्षे बर्न प्रांताच्या पुरातत्त्व विभागाने उन्हाळ्यांत तिथे शोध घेतला. भूर्जाच्या सालीचे धनुष्याचे लांब आवरण, यू वृक्षाच्या लाकडाचे धनुष्य, गारगोटीच्या टोकांचे बाण असा एक संचच हळूहळू जुळत गेला. तो इसवी सनपूर्व 2800 च्या सुमाराचा आहे. त्याखेरीज बकरीच्या कातड्याचा पायजम्यासारखा पायावर चढवायचा भाग, पादत्राणांचे तुकडे, कांस्ययुगातली टाचणी आणि रोमन काळातले खिळेही मिळाले. या खिळ्यांपाशी थोडे थांबायला हवे. रोमन लोक जोड्याच्या तळव्याला लोखंडी खिळे ठोकत. खडकाळ वाटेवर ते एकेक करून गळून पडत आणि कोणी ते शोधायला मागे फिरत नसे. मौल्यवान वस्तू हरवली तर माणूस शोधतो. गळालेला खिळा तिथेच राहतो, म्हणून रहदारीचा याहून प्रामाणिक साक्षीदार मिळणे कठीण.

या नाजूक वस्तू टिकल्या कशा, याचे उत्तर बर्फाच्या प्रकारात आहे. हिमनदी वाहते आणि पोटात आलेली वस्तू भरडून खाली नेते. खिंडीतला हा पट्टा मात्र वाहणारा नव्हता. तो एका खोलगट जागी साचून राहिलेला होता. त्यामुळे त्यात पडलेली वस्तू जिथल्या तिथे, गोठलेल्या अवस्थेत राहिली. वाट मोकळी आहे की बंद हे खालच्या उतारावरची हिमनदी ठरवी आणि पडलेली वस्तू वरचा हा पट्टा सांभाळी. 2007 मध्ये मार्टिन ग्रोजाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर सापडलेल्या वस्तूंची कालगणना मांडली. नवाश्मयुग, आरंभीचे कांस्ययुग, रोमन काळ आणि मध्ययुग अशा तुटक कालखंडांत त्या विभागलेल्या होत्या. मधल्या काळात हिमनद्या पुढे सरकलेल्या असत आणि वाट अवघड होई, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या शोधांत याहूनही जुन्या, इसवी सनपूर्व पाचव्या सहस्रकातल्या वस्तू मिळाल्या.

यावर एक रास्त शंका घेता येते. हरवलेल्या वस्तू हा योगायोगाचा हिशेब असतो. एखाद्या शतकातले काहीच मिळाले नाही म्हणून त्या शतकात कोणी गेलेच नाही असे कसे म्हणावे? शिवाय एखादा धाडसी शिकारी वर चढला म्हणजे तिथे वहिवाट होती असे ठरत नाही. शंकेचा पहिला भाग मी मान्य करते. खिंडीतल्या नुसत्या रिकाम्या शतकांवर फार भार टाकू नये. पण दुसऱ्या भागाचे उत्तर खाली तळ्यात आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत मोलाचे वाटते. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षे गाळ बसत जातो. त्यात आसपासच्या झाडांचे परागकण, वणव्यातली कोळशाची कणी आणि जनावरांच्या शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणूही असतात. बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी इफिगझेच्या गाळाचे नमुने तपासून 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इसवी सनपूर्व 5000 ते 3000 या काळातच माणसाच्या वावराने, आगी आणि चराई यांनी इथल्या डोंगरी जंगलाची घडण बदलली होती. खिंडीला फक्त वस्तू हरवणारा माहीत असतो. तळ्यात मात्र जनावरे घेऊन आलेल्या प्रत्येकाची थोडीफार नोंद पडते. दोन्ही साक्षी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत आणि एकाच काळाकडे बोट दाखवतात. म्हणून या वाटेवर शिकाऱ्यांइतकाच गुराख्यांचाही राबता होता, असे म्हणायला मी कचरत नाही. आल्प्समध्ये हे नवलाचेही नाही. इटलीच्या श्नाल्स खोऱ्यातले मेंढपाळ आजही दर जूनमध्ये हजारो मेंढ्या उंच खिंडींतून ऑस्ट्रियातल्या उन्हाळी कुरणांवर नेतात. 1991 मध्ये ‘ओत्झी’ हा गोठलेला माणूस सापडला तो त्याच डोंगररांगेत, 3210 मीटरवरच्या टीझेनयोखजवळ.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो वारंवार घेतला जातो. साडेसहा हजार वर्षांपूर्वी माणसे इथून जात असतील तर तेव्हाही बर्फ कमी होते. मग आजच्या वितळण्याचा एवढा बाऊ का? या आक्षेपातले अर्धे विधान खरे आहे, म्हणूनच तो फसवा आहे. तेव्हाच्या कमी बर्फाला कारण होते. पृथ्वीच्या अक्षाचा कल आणि कक्षेतली तिची स्थिती अशी होती की उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात सूर्याची उष्णता आजच्यापेक्षा जास्त मिळे. ती पुढे हजारो वर्षे घटत गेली आणि हिमनद्या एकंदरीने वाढत गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आल्प्समधल्या हिमनद्या खूप पुढे आलेल्या होत्या. तेव्हाची उष्णता देणारे कारण आज नाही, तरीही बर्फ जात आहे, आणि त्याला हवेत वाढलेले हरितगृह वायू कारण आहेत. शिवाय खिंडीतले चामडे स्वतःच बोलते. उघड्यावर पडलेले चामडे फार वर्षे टिकत नाही, ते कुजते. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे चामडे 2003 नंतरच्या शोधांत शाबूत मिळाले, याचा अर्थ मधल्या काळात ती जागा बर्फाखालीच होती. रोमन प्रवासी खिळे गाळत गेला तेव्हाही ते बर्फ तिथे होते. म्हणजे ‘पूर्वीही असेच होते’ हे म्हणणे या खिंडीपुरते गेल्या पाच हजार वर्षांना लागू पडत नाही. वाट मोकळी असणे ही एक गोष्ट आणि वाटेशेजारचा जुना बर्फाचा साठाच संपणे ही दुसरी. आक्षेप घेणारे या दोन गोष्टी एक करतात.

शेजारच्या डोंगरांवर हेच घडताना दिसते आहे. श्नीडेयोखच्या पश्चिमेला, ले दियाब्लरे पर्वतसमूहात, त्सानफ्लरों खिंडीवर 2012 मध्ये सुमारे 15 मीटर जाडीचे बर्फ मोजले गेले होते. 2022 च्या सप्टेंबरात तिथे खडक उघडा पडला. त्या खिंडीवर किमान रोमन काळापासून बर्फ होते. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी आपल्या एकूण बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला.

बर्फ गेल्यामुळेच तर एवढा इतिहास हाती आला, मग हळहळ कशाला, असेही कोणी विचारेल. पण बर्फातून बाहेर आलेल्या चामड्याला, सालीला, दोरीला फार मुदत मिळत नाही. ऊन, वारा आणि पाऊस लागला की त्यांचा नाश सुरू होतो. श्नीडेयोखचा बर्फाचा पट्टा लहान होता, वाट माणसांच्या पायाखालची होती आणि तुकडा पाहणाऱ्याला त्याचे महत्त्व जाणवले, म्हणून तो संग्रहालयात पोचला. आल्प्समध्ये अशा किती खिंडी कोणाच्या नजरेत येण्यापूर्वीच रित्या झाल्या असतील, याचा हिशेब कोणीच देऊ शकणार नाही. स्विस दिवाणी संहितेनुसार शास्त्रीय मोलाच्या अशा पुरातन वस्तू जिथे सापडतात त्या प्रांताच्या मालकीच्या असतात. म्हणून तळ्यावरून वर चढताना दगडांत चामड्याचा किंवा कोरलेल्या लाकडाचा तुकडा दिसला, तर तो सहसा उचलू नये. त्याचे आणि आजूबाजूच्या खडकांचे छायाचित्र काढावे, जागेची नोंद करावी आणि त्या प्रांताच्या पुरातत्त्व विभागाला त्याच दिवशी कळवावे.