‘म्हणे’ गळतं तेव्हा

बावड्याहून अकलूजला निघालं की सराटीला नीरा ओलांडायची. पुणे जिल्हा मागे राहतो, सोलापूर सुरू होतं. तुकोबांची पालखीही याच वाटेनं जाते: सराटीला मुक्काम, सकाळी नीरेत पादुकांना स्नान, मग अकलूज. त्या अकलूजमध्ये १४ एप्रिल १९२७ रोजी दत्ताराम मारुती मिरासदार जन्मले. बावड्याच्या वर्गात द. मा. मिरासदार शिकवायचे असतील तर लेखकाचा परिचय असा करून द्यावा: खडू खाली ठेवायचा आणि दक्षिणेकडच्या खिडकीबाहेर बोट दाखवायचं. ‘तिकडचे. नदीपलीकडचे.’ लेखक पुण्या-मुंबईतच जन्मतात असं धरून चाललेली पोरं माना वळवून उसाकडे बघायला लागतात.

ते पुढे पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक झाले, १९९८ साली परळी वैजनाथच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २ ऑक्टोबर २०२१ ला गेले. परीक्षेपुरतं एवढं पुरे. मला वर्गात रेंगाळायचं असतं ते त्यांच्या एका कथेच्या नावापाशी. ‘भुताचा जन्म’.

हे दोन शब्द फळ्यावर लिहून गप्प उभं राहावं. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतंच, ‘सर, भूत तर मेल्यावर होतं!’ बरोबर. मग त्याचा जन्म कसला? या प्रश्नाचं उत्तर व्याकरणाच्या तासात दडलेलं आहे. ‘भू’ हा संस्कृत धातू, त्याचा अर्थ होणे. भूत म्हणजे झालेलं, होऊन गेलेलं. भूतकाळातलं भूत आणि पिंपळावरचं भूत एकाच मुळातून आलेत. ‘तो आला, तो बसला’ असा भूतकाळ चालवणाऱ्या पोरांना हे कळतं तेव्हा वर्गात क्षणभर खरंच शांतता होते.

पण भुताला जन्म द्यायला धातू पुरत नाही, त्याला सांगणारं तोंड लागतं. इथे मराठीतला एक चिमुकला शब्द कामाला येतो: ‘म्हणे’. ‘ओढ्याजवळ कुणीतरी उभं होतं म्हणे.’ कोण म्हणालं? कधी? ‘म्हणे’ काहीच सांगत नाही. त्याला लिंग नाही, वचन नाही, बोलणाऱ्याचं नावगाव नाही. तो एवढंच कबूल करतो की मी हे पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. तुर्की भाषेत या कबुलीसाठी क्रियापदाला ‘मिश’ असा प्रत्यय जोडतात. आपण वाक्याच्या शेपटाला एक शब्द बांधतो. किती प्रामाणिक सोय आहे ही, आणि किती सहज तुटते!

वर्गात करून पाहावं. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कानात सांगायचं, ‘काल रात्री मळ्यात कुणीतरी पांढरं नेसून उभं होतं म्हणे.’ कानोकानी ते शेवटच्या बाकापर्यंत जाऊ द्यायचं. मी हे केलं तेव्हा तिसऱ्या बाकाच्या आसपास ‘म्हणे’ गळलं. पाचव्या बाकावर ‘कुणीतरी’ची ‘बाई’ झाली. शेवटच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, ‘सर, मळ्यात एक बाई उभी होती, तिचे पाय उलटे होते.’ पाय कुणी लावले हे अख्ख्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं, आणि भूत मात्र जन्मलं होतं.

यानंतर मिरासदार वाचायला घेतले की मुलं वेगळ्या कानानं ऐकतात. वाचायचे ते मोठ्यानंच. शंकर पाटील १९२६ चे, व्यंकटेश माडगूळकर आणि मिरासदार १९२७ चे. बरोबरीच्या या तिघांनी गावोगावी कथाकथन केलं, छापलेली कथा पुन्हा तोंडावर आणली. मिरासदारांच्या भोकरवाडीत नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर अशी मंडळी आहेत. तिथे एखादी गोष्ट घडते त्यापेक्षा ती सांगितली जाते तेव्हा जास्त वाढते. मोठ्यानं वाचताना कुठे थांबायचं ते वाक्यच सांगतं. त्या थांब्यावर हसू येतं, आणि अंधाराची गोष्ट असेल तर त्याच थांब्यावर अंगावर काटा येतो. हसू आणि भीती एकाच जागी कशी बसते, याचं मला दरवर्षी नव्यानं नवल वाटतं.

बावड्याच्या पोरांना अंधार पुस्तकातून शिकावा लागत नाही. शेतीची लाईट रात्री असली की मोटार चालू करायला, दारं धरायला बापाबरोबर तीही जातात. वाऱ्यानं उसाचं पान सळसळलं तरी बॅटरी तिकडे वळते. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातली कितीतरी गावं रात्री आभाळाकडे बघत जागली: ड्रोन फिरतात म्हणे.

कथा संपवून मी घरचा अभ्यास देतो: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून एक भुताची गोष्ट ऐकायची आणि जशीच्या तशी उतरवून आणायची. एका वर्षी एका मुलीनं वही पुढे केली. आजीनं सांगितलेल्या गोष्टीत तिनं प्रत्येक ‘म्हणे’ लाल पेनानं अधोरेखित केलं होतं. पहिल्या पानावर नऊ होती, दुसऱ्यावर दोन. तिसऱ्या पानावर लाल शाई कुठेच नव्हती, आणि भूत दारात येऊन उभं होतं.