बुधवारच्या पिवळ्या गोळ्या

भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळे कारखाने एकाच वारी बंद आणि उरलेले दिवस एकदम चालू, असं होऊन विजेवर ताण येऊ नये म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार मिळाले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. इथले साखरपुडे, जागरण-गोंधळ, गावाकडच्या फेऱ्या सगळं गुरुवार बघून ठरतं. माझं औषधही. मेथोट्रेक्सेटच्या पिवळ्या गोळ्या मी बुधवारी रात्री जेवण झाल्यावर घेते, कारण दुसऱ्या दिवशी मळमळतं, डोकं जड राहतं, आणि तो दिवस घरचा असलेला बरा. ई.एस.आय.च्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीतले दादा पाकिटावर लाल पेनाने लिहितात, ‘फक्त बुधवारी’. वर तोंडानेही सांगतात, “ताई, रोजची समजून घेऊ नका हं.” ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

मला आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड. चौदा वर्षं झाली. थायरॉइड त्याच्याही आधीचा, साखर नंतरची, बीपी अलीकडचं. नोकरी इन्स्पेक्शनला: पिन, बुश, शाफ्ट हातात घ्यायचे, मायक्रोमीटर लावायचा, मायक्रॉनमध्ये आकडा वाचायचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अशा कामात बोटंच आखडली तर काय होतं ते मी सांगायला नको. “सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?” हे डॉक्टर दर वेळी विचारतात, म्हणून मी एक वही केली. तारीख, आणि पुढे मिनिटं. ४५. ६०. ३०. पहिल्या शिफ्टची गाडी पावणेसहाला येते, त्यामुळे माझा दिवस चारला सुरू होतो.

“जे आहे त्यात समाधान मान” हे मला पुष्कळांनी सांगितलं. सांगणाऱ्यांचा जीव होता माझ्यावर, पण ऐकून दुखणं एक मिनिटही कमी व्हायचं नाही, उलट आपणच कुठे कमी पडतोय असं वाटायचं. मला कृतज्ञता सापडली ती वेगळ्या वाटेने. एका बुधवारी रात्री गोळ्या हातावर घेतल्या आणि वाटलं, वीस वर्षं मी प्रत्येक पार्टचं ड्रॉइंग बघितल्याशिवाय माप घेतलेलं नाही, मग रोज पोटात जातं त्याचं ड्रॉइंग कधी बघितलं?

मेथोट्रेक्सेटपासूनच सुरुवात केली. आपल्या पेशींना नवा डीएनए बांधायला फॉलिक ॲसिड लागतं. मेथोट्रेक्सेट दिसायला थेट फॉलिक ॲसिडसारखं. आमच्या भाषेत सांगायचं तर चुकीचा पार्ट फिक्श्चरमध्ये अचूक बसतो, पण मग पुढे सरकतही नाही आणि निघतही नाही. मशिन अडकतं. मोठ्या मात्रेत हे औषध कॅन्सरच्या भराभर वाढणाऱ्या पेशी अडकवतं. आठवड्यातून एकदा, थोड्या मात्रेत दिलं की त्याचं काम निराळं होतं: पेशींमधून ॲडेनोसिन नावाचा पदार्थ बाहेर झिरपायला लागतो आणि सांध्यांवर तुटून पडलेल्या प्रतिकारपेशी त्याने शांत होतात. तोंड येणं वगैरे त्रास कमी व्हावा म्हणून मला आठवड्यातल्या दुसऱ्या वारी फॉलिक ॲसिडची गोळी दिलेली आहे. म्हणजे एका वारी खोटा पार्ट, दुसऱ्या वारी खरा.

आणि ही दोन्ही माणसाच्या हाती आली ती एकाच प्रयोगशाळेतून, एका तेलुगू माणसाच्या हाताखाली. यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, भीमावरम. भाऊ स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजाराने गेला. शिकायला अमेरिकेत गेले तेव्हा पोट भरायला इस्पितळात रात्रपाळीची हमाली केली, रुग्णांची भांडी धुतली. पुढे लेडर्ले कंपनीत त्यांच्या चमूने १९४५ साली फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं, आणि ज्या आजाराने भाऊ गेला त्याच्यावर तेच उपयोगी पडलं. त्याच पदार्थाची खोटी प्रतिरूपं त्यांनी बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना दिली. फार्बरनी ती रक्ताच्या कॅन्सरने मरणाऱ्या लहान मुलांना दिली आणि काही मुलं, थोड्या काळासाठी का होईना, उठून खेळू लागली. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं.

मला खरा शहारा आला तो याच्या पुढे. याच सुब्बारावांनी तरुणपणी, १९२९ साली, सायरस फिस्क यांच्याबरोबर स्नायूंमधून एटीपी वेगळं केलं होतं. जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते त्याच सुमारास सापडलं. एटीपी म्हणजे पेशीचं रोजचं इंधन, ज्यावर हात हलतो, हृदय चालतं. आणि एटीपी म्हणजे काय? ॲडेनोसिनला जोडलेले तीन फॉस्फेट. ज्या ॲडेनोसिनमुळे माझी बोटं उघडतात, त्याच्याच इंधनरूपाला पहिल्यांदा हात लावणाऱ्यांपैकी एक हा माणूस. गोळी संधिवातावर चालते हे नीट कळण्याआधीच तो गेला, ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. मी आज त्रेपन्न वर्षांची आहे.

थायरॉइडची गोळी तर मला मापाची माणूस म्हणून थक्क करते. माझी मात्रा ७५ मायक्रोग्रॅम. वर्षभराचं औषध एकत्र केलं तरी सत्तावीस मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्याएवढं. तेवढ्यावर अंगातली प्रत्येक पेशी आपला वेग ठरवते: नाडी, केस, पोट, विचार करायची चाल. हे थायरॉक्सिन पहिल्यांदा स्फटिकरूपात वेगळं केलं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एडवर्ड केंडॉल यांनी, २५ डिसेंबर १९१४ रोजी, नाताळच्या दिवशी. डुकरांच्या सुमारे तीन टन ग्रंथी गाळून त्यांना पुढे हाती लागलं ३३ ग्रॅम.

हेच केंडॉल पुढे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींकडे वळले. त्यांचे सहकारी फिलिप हेंच यांनी एक विचित्र गोष्ट टिपून ठेवली होती: आमवाताच्या बायका गरोदर राहिल्या की त्यांचे सांधे मोकळे होतात. शरीर स्वतःच काहीतरी बनवत असणार. २१ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला केंडॉल यांनी त्या ग्रंथींतून शोधलेलं कॉर्टिझोन टोचलं. काही दिवसांत ती चालत बाजारात गेली. कॉर्टिझोनचे दुष्परिणाम पुढे कळले, पण बोटं पहाटेच का आखडतात हे कोडं मला तिथे उलगडलं. दाह वाढवणारी रसायनं रात्रीच्या उत्तरार्धात चढतात, आणि त्यांना आवरणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पहाटे चढायला लागतं. आमवातात ते पुरं पडत नाही. चार वाजता मी गरम पाण्यात बोटं बुडवून बसलेली असते तेव्हा आत हे चाललेलं असतं. शरीर माझ्यावर उलटलंय असं मला वर्षानुवर्षं वाटायचं. आता वाटतं की तेही माझ्यासारखंच पहिल्या शिफ्टला उठून धडपडतंय.

साखर निघाली तेव्हा सगळे म्हणाले, “तू तर काडी पैलवान, तुला कशी?” याचं उत्तर पुण्यातच होतं. केईएम इस्पितळाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वरून सडपातळ, आतून चरबी. याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, आणि दिसलं की इथली बाळं जन्मतःच लहान, हाडकुळी असतात, पण चरबी राखून असतात. पोटात अन्न कमी पडतं तेव्हा बाळ सगळ्यावर काटकसर करतं आणि तेवढं जपतं. मी १९७२ च्या दुष्काळातली. आई माणची, सुकडी खाऊन मला नऊ महिने वाढवलं. तिच्या पोटात मीही अशी काटकसर केली असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि साखरेवरचा माझा राग तिथेच बसला.

दुष्काळानंतर वडील पिंपरीला आले. आमच्या लहानपणी ‘एच.ए.’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं: हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली स्थापन झालेली, देशातली सरकारी मालकीची पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली, आणि १९५५ साली पेनिसिलिन बनू लागलं. बुरशी मोठाल्या टाक्यांत वाढवायची, तिला निर्जंतुक हवा फुंकत राहायची, एक परका जंतू शिरला तर सगळी टाकी फुकट. तिथे सापडलेल्या एका बुरशीनाशकाचं नावच हमायसिन, कंपनीच्या आद्याक्षरांवरून.

आईच्या हृदयाची झडप खराब होती. लहानपणी घसा आला, त्यातून ताप, त्यातून झडप. त्या घशाच्या जंतूचा तुकडा हृदयातल्या प्रथिनासारखा दिसतो, म्हणून जंतूवर धावून गेलेलं शरीर हृदयावरही धावून जातं. पुन्हा घसा येऊ नये म्हणून तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. फार दुखायचं ते, दोन दिवस लंगडायची. तिची झडप आणि माझे सांधे, दोन्हींकडे शरीराने आपल्याच माणसाला परकं समजलं. एवढं सारखं दुखणं आम्ही दोघी वेगवेगळ्या खोल्यांत सोसत राहिलो, आणि हे मला ती गेल्यावर कळलं.

औषधांच्या खिडकीपर्यंत पोहोचायला पैसा लागतो, तो कुठून आला हेही मी बघितलं. प्रा. बी. पी. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली दिला आणि ई.एस.आय.चा कायदा झाला १९४८ मध्ये. पुन्हा तेच साल. आज कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. वीस हजारांवर दीडशे आणि साडेसहाशे. चाकणला वेल्डिंग लाइनवर विशीतली पोरं उभी आहेत, ज्यांना दवाखान्याची पायरी माहीत नाही. त्यांच्या स्लिपवरचे दीडशे रुपये माझ्या पाकिटात गोळ्या होऊन येतात. पोरांना हे ठाऊक नाही. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत.

अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्युलो यांनी २००३ साली एक अभ्यास छापला. नसा-स्नायूंचे जुनाट आजार असलेली ६५ माणसं, बरीचशी लहानपणीच्या पोलिओचे परिणाम उतारवयात भोगणारी. त्यातल्या निम्म्यांनी २१ दिवस रोज लिहिलं की आज कशाबद्दल आभार वाटले. त्यांचं मन इतरांपेक्षा बरं राहिलं, झोप जास्त लागली, आणि उठल्यावर ताजंतवानं वाटलं. दुखणं कमी झालं नाही. हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मीही वहीत मिनिटांच्या पुढे आभारांचा एक रकाना आखला.

मागच्या आठवड्याचं पान असं आहे. सोमवार, ५० मिनिटं, केंडॉल. मंगळवार, ७५ मिनिटं, रकाना कोरा. त्या दिवशी कुणाचंच नाव सुचलं नाही आणि मी ओढूनताणून लिहिलं नाही. बुधवार, ४० मिनिटं, सुब्बाराव. गुरुवार, मळमळ, आईचं इंजेक्शन. शुक्रवार, ३५ मिनिटं, गाडीचे ड्रायव्हर मामा, कोपऱ्यावर दोन मिनिटं थांबले आणि हॉर्न वाजवला नाही.