समुद्राचा तळ कुणी मोजायचा? जलालेखनाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वजनाच्या हिशोबानं पाहिलं तर भारताचा सुमारे ९५ टक्के परदेशी व्यापार समुद्रावरून होतो. खनिज तेल, कोळसा, खतं, खाद्यतेल, यंत्रसामग्री, सगळं जहाजानं येतं. ही जहाजं ज्या नकाशांच्या भरवशावर बंदरात शिरतात ते कोण तयार करतं आणि त्यांचा खर्च कोण उचलतं, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं. पाण्याची खोली, तळाचं स्वरूप, बुडीत खडक आणि भरती-ओहोटी मोजून सागरी नकाशे तयार करण्याच्या शास्त्राला जलालेखन म्हणतात. दर्यावर्दी त्या नकाशाला ‘चार्ट’च म्हणतात. रस्ते आणि धरणांवरचा सरकारी पैसा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यावर चर्चा होते. चार्टवरचा पैसा पाण्याखाली जातो, त्यामुळे त्याबद्दल गैरसमजच जास्त आहेत.

गैरसमज १: उपग्रहांच्या काळात बोटी घालून समुद्र मोजायची गरजच उरलेली नाही.

वस्तुस्थिती: रडारची लहर पाण्यात शिरत नाही. उपग्रह मोजतात ती समुद्राच्या पृष्ठभागाची उंची. तळाशी मोठा डोंगर असला तर त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे वरचं पाणी किंचित फुगतं आणि त्या फुगवट्यावरून डोंगराचा अंदाज बांधला जातो. या पद्धतीत काही किलोमीटरपेक्षा लहान गोष्टी निसटतात. दुसरी पद्धत तळावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशाची. लक्षद्वीपसारख्या निवळ पाण्यात ती वीसेक मीटर खोलीपर्यंत चालते, पण मुंबई बंदराच्या किंवा कोकणातल्या खाड्यांच्या गढूळ पाण्यात तिचा उपयोग होत नाही.

त्यामुळे खात्रीची मोजणी आजही आवाजानंच होते. जहाजाच्या बुडाला बसवलेलं मल्टिबीम यंत्र पंख्याच्या आकारात शेकडो ध्वनिकिरण सोडतं आणि प्रत्येकाला परत यायला किती वेळ लागला ते टिपतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, पण तापमान, खारटपणा आणि खोली बदलली की हा वेगही बदलतो. म्हणून कामाच्या मध्येमध्ये पाण्यात वेगमापक सोडून पाहावा लागतो. जहाजाचं हेलकावणं आणि त्या क्षणाची भरती हिशोबातून वजा करावी लागते. नांगराच्या तासाला लागून तास घ्यावं तशा समांतर फेऱ्या मारत जहाज पुढे सरकतं. बंदराच्या अरुंद जलमार्गासाठी आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये जी ‘विशेष’ श्रेणी आहे, तिच्यात तळावरची एक मीटर लांब, रुंद आणि उंच वस्तूही सुटून चालत नाही.

या कामाला किती वेळ लागतो ते एका आकड्यावरून कळतं. ‘सीबेड २०३०’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पानं जून २०२५ मध्ये जाहीर केल्यानुसार, जगाच्या समुद्रतळापैकी फक्त २७.३ टक्के भाग प्रत्यक्ष मोजून झालेला आहे. उरलेल्या भागात काय दडलेलं असू शकतं, ते ८ जानेवारी २००५ रोजी दिसलं. अमेरिकेची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अणुपाणबुडी गुआम बेटाच्या दक्षिणेला, वापरातल्या चार्टवर नसलेल्या समुद्री डोंगरावर वेगात आदळली. एक नाविक मृत्युमुखी पडला आणि ९८ जण जखमी झाले.

गैरसमज २: जीपीएस असलं की जहाज चुकणार नाही.

वस्तुस्थिती: जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतं. तुमच्याखाली काय आहे ते चार्ट सांगतो. अनेक समुद्रांच्या चार्टवर आजही असे खडक आहेत, ज्यांची जागा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सेक्स्टंटनं कोन मोजून आणि शिसं बांधलेली दोरी सोडून ठरवली होती. जहाजाची जागा काही मीटरपर्यंत अचूक आणि खडकाची जागा शेकडो मीटरनं चुकलेली, असा मेळ सर्वांत घातक.

जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी नौदलाचं ‘गार्डियन’ हे जहाज फिलिपिन्सच्या तुब्बताहा प्रवाळबेटावर चढलं. त्याच्या डिजिटल चार्टमध्ये हे प्रवाळबेट खऱ्या जागेपासून सुमारे आठ सागरी मैल दूर दाखवलेलं होतं. जहाज ओढून काढता आलं नाही, जागेवरच तोडावं लागलं.

चांगला चार्ट स्वतःच्या भरवशाची कबुलीही देतो. इलेक्ट्रॉनिक चार्टवर विश्वासार्हतेचा थर उघडला की जागोजागी ताऱ्यांचे छोटे समूह दिसतात. सहा तारे म्हणजे आधुनिक, अत्यंत काटेकोर मोजणी. दोन तारे म्हणजे अगदी तुटपुंजी माहिती. ‘यू’ हे अक्षर असेल तर त्या मोजणीचा दर्जा ठरवलेलाच नाही. जाणकार कप्तान खोलीच्या आकड्याआधी हे तारे बघतो. ते वाढवायचे तर नव्यानं मोजणी करावी लागते, दुसरा उपाय नाही.

गैरसमज ३: चार्टवर ‘६’ लिहिलं असेल तर तिथे सहा मीटर पाणी असतं.

वस्तुस्थिती: तिथे बहुतेक वेळा त्याहून जास्त पाणी असतं. जमिनीवरच्या उंच्या सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. चार्टवरच्या खोल्या मात्र, पाणी सहसा ज्याच्या खाली उतरत नाही अशा ओहोटीच्या पातळीपासून मोजतात. मुंबईत ही शून्य पातळी सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. भरती-ओहोटीच्या तक्त्यात त्या वेळी तीन मीटर पाणी दिलं असेल, तर चार्टवरच्या ‘६’च्या जागी नऊ मीटर पाणी असतं.

पुलाखालची मोकळी उंची चार्ट उलट बाजूनं, म्हणजे उधाणाच्या भरतीच्या पातळीपासून मोजतो. कारण एकच: खोली असो वा उंची, चार्ट वाईटातली वाईट स्थिती धरून चालतो.

काही आकड्यांच्या खाली रेघ मारलेली असते. ती जागा ओहोटीला उघडी पडते आणि शून्य पातळीच्या किती वर येते, ते हा आकडा सांगतो. असा भाग हिरवट रंगात दाखवतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीत लोक चालत जातात आणि भरतीत तिथूनच होड्या जातात. पायवाट आणि जलमार्ग दोन्ही एकाच जागी असलेला असा पट्टा चार्टवर नेमका दाखवायचा, तर तिथली भरती-ओहोटी आधी दीर्घकाळ मोजलेली असावी लागते. मुंबईच्या अपोलो बंदरावर एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या भरतीच्या नोंदींचं मोल इथे कळतं.

गैरसमज ४: समुद्र एकदा मोजला की काम संपलं.

वस्तुस्थिती: तळ हलत असतो. दर पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे सरकतात. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदराचे जलमार्ग सतत गाळ काढून राखावे लागतात. बुडालेलं जहाज दुसऱ्या जहाजांसाठी नवा धोका ठरतं. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘एमएससी एल्सा ३’ हे कंटेनर जहाज बुडालं आणि तिथल्या नकाशात अशाच एका धोक्याची भर पडली. डिसेंबर २००४ च्या भूकंपात निकोबारचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचलं आणि दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. त्या परिसरातल्या जुन्या खोल्यांवर मग विसंबता येईना.

म्हणून चार्ट छापून झाला तरी त्याचं काम चालूच राहतं. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाकडून दर पंधरवड्याला नाविकांसाठी सूचना निघतात: अमुक बोया हलवला, तमुक दिवा बंद आहे, या जागी नवा अडथळा सापडला. कागदी चार्टवर जहाजावरचा अधिकारी या दुरुस्त्या जांभळट शाईनं करतो आणि डाव्या कोपऱ्यात सूचनेचा क्रमांक लिहितो. त्या कोपऱ्यावरून चार्ट किती ताजा आहे ते लगेच कळतं. दुरुस्ती न केलेला चार्ट घेऊन प्रवास करणं हा आंतरराष्ट्रीय नियमांचा भंग आहे.

गैरसमज ५: भारताचा किनारा अचानक वाढला, म्हणजे कागदावरची करामत झाली.

वस्तुस्थिती: वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत असलेली ७,५१६.६ किलोमीटर ही लांबी आता ११,०९८.८१ किलोमीटर झाली आहे. महाराष्ट्राचा किनारा ६५२.६ वरून ८७७.९७ किलोमीटरवर गेला. जमीन वाढलेली नाही. जुनी मोजणी फार लहान प्रमाणाच्या नकाशावरची होती, त्यात खाड्या, वळणं आणि बेटांचे काठ सरळ रेषेत बुजून जात. नवी मोजणी जास्त बारकाईची आहे. कोकणाचा किनारा पायी चालणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

गैरसमज ६: हे नौदलाचं गुपित काम आहे, सामान्य माणसाशी त्याचा संबंध नाही.

वस्तुस्थिती: भारतात ही जबाबदारी नौदलाच्या जलालेखन विभागाकडे आहे हे खरं. या कामाची परंपरा ईस्ट इंडिया कंपनीनं १७७० मध्ये जॉन रिची यांना जलालेखक नेमलं तिथपर्यंत जाते. १८७४ मध्ये कलकत्त्यात सागरी सर्वेक्षण खातं उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, कार्यालय डेहराडूनला आलं आणि १९९७ पासून ते ‘राष्ट्रीय जलालेखन कार्यालय’ या नावानं ओळखलं जातं. संरक्षणाशी निगडित काही माहिती राखून ठेवली जाते, पण चार्ट कोणत्याही देशाच्या जहाजाला विकत मिळतात. ते मिळावेत हाच तर उद्देश आहे. गोव्याच्या राष्ट्रीय जलालेखन संस्थेत भारतीयांबरोबर परदेशी अधिकारीही शिकतात, आणि भारतीय जहाजांनी मॉरिशससारख्या देशांसाठीही मोजणी केली आहे.

हीच माहिती समुद्राखालच्या इंटरनेट केबलींचा मार्ग ठरवते. किनाऱ्याजवळ तळ कसा उंचावतो ते माहीत असेल तरच त्सुनामीची लाट किती फुगेल याचं गणित मांडता येतं. हैदराबादच्या इशारा केंद्राला ही माहिती लागते. देशाची सागरी हद्दही चार्टपासूनच सुरू होते. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक करारानुसार सर्वसाधारणपणे हद्द मोजायची ती, देशानं अधिकृत मानलेल्या मोठ्या प्रमाणाच्या चार्टवरच्या ओहोटीच्या रेषेपासून.

कोकणातला तांडेल, म्हणजे नावेचा म्होरक्या, वावांच्या (पसरलेल्या दोन हातांएवढ्या मापाच्या) हिशोबात तळ ओळखतो, आणि ते पिढ्यांचं ज्ञान मोलाचं आहे. पण विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, आंग्र्यांचं नाव मिरवणारं बुडीत पठार, आंग्रिया बँक, नेमकं कुठून कुठवर पसरलं आहे, त्यावरचं प्रवाळ कुठे राखायचं आणि मासेमारी कुठवर चालू द्यायची, हे ठरवायला मोजलेला तळ लागतो.

गैरसमज ७: फायदा जहाज कंपन्यांचा, तर खर्चही त्यांनीच करावा.

वस्तुस्थिती: जहाजांच्या सुरक्षेचा ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार जलालेखनाची जबाबदारी थेट सरकारांवर टाकतो: माहिती गोळा करणं, चार्ट प्रसिद्ध करणं आणि ते अद्ययावत ठेवणं. यामागचा विचार साधा आहे. एखाद्या कंपनीनं खडक शोधला तर त्या माहितीनं वाचणारी जहाजं सगळ्यांची असतात, म्हणून तो शोधायचा खर्च करायला एकटी कंपनी पुढे येत नाही. जिथे नफा नाही, त्या आडबाजूच्या खाडीत तर कुणीच येत नाही. बंदरं आपापल्या हद्दीत मोजणी करतात, कंत्राटदारांकडून करूनही घेतात. पण ती तपासून, शेजारच्या मोजणीशी जुळवून, देशाच्या नावानं प्रसिद्ध करणं हे राज्यसंस्थेचंच काम आहे.

खर्चाचा आवाकाही पाहावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीला चार मोठ्या सर्वेक्षण जहाजांचं काम मिळालं, किंमत २,४३५ कोटी रुपये. त्यांतलं ‘संधायक’ फेब्रुवारी २०२४ मध्ये, ‘निर्देशक’ डिसेंबर २०२४ मध्ये आणि ‘इक्षक’ नोव्हेंबर २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं. सुमारे ११० मीटर लांबीच्या या जहाजांवर स्वयंचलित पाणबुड्याही आहेत. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचा मंजूर खर्च आहे ७६,२२० कोटी. त्याच्या तीन-साडेतीन टक्क्यांत देशाला चार जहाजं मिळतात, जी अनेक वर्षं देशाचा समुद्र मोजतील. वाढवणसारखं बंदर किनाऱ्याजवळच्या नैसर्गिक खोलीच्या बळावर आखलं जातं, आणि ती खोली आहे हे आधी कुणीतरी मोजून सांगितलेलं असतं.

पण जहाजं घेतली म्हणजे झालं असं नाही. प्रशिक्षित माणसं, भरतीमापक केंद्रं, नोंदींची तपासणी आणि दर पावसाळ्यानंतरची फेरमोजणी, यांसाठी दरवर्षी न चुकता तरतूद लागते. अशा खर्चाचं उद्घाटन होत नाही, म्हणून काटछाटीत तो आधी जातो. छोट्या बंदरांची आणि प्रवासी जलवाहतुकीच्या खाड्यांची मोजणी तर सहज मागे पडते, आणि रोज बोटीनं ये-जा करणारा माणूस तिथलाच असतो. आपल्या खाडीची मोजणी शेवटची कधी झाली, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या ग्रामसभेत, नगरपालिकेत आणि विधानसभेत विचारला गेला पाहिजे. रस्त्यावरच्या खड्ड्याचा जाब आपण मागतो तेवढ्याच हक्कानं.