फ्लक्स शून्य, म्हणून क्षेत्रही शून्य?

गाऊसचा नियम पाठ नसलेला बारावीचा विज्ञानाचा विद्यार्थी सापडणं कठीण. बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण विद्युत फ्लक्स म्हणजे आतला एकूण प्रभार भागिले एप्सिलॉन-नॉट. एवढीशी ओळ, पण तिच्यावरच्या प्रश्नांत हमखास गुण जातात. क्षेत्र हे एकेका बिंदूपाशी असतं, फ्लक्स मात्र अख्ख्या पृष्ठभागाचा. एकाच्या जागी दुसरा धरला की गोंधळ सुरू.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे एकूण फ्लक्स शून्य आला की पृष्ठभागावर क्षेत्रच नाही असं मानणं. महिनाअखेरीस खात्यात शिल्लक शून्य दिसली, म्हणून महिनाभर व्यवहारच झाले नाहीत असं कोणी म्हणेल का? एक धन आणि तेवढाच एक ऋण प्रभार जवळजवळ ठेवा आणि दोघांभोवती गोल कल्पा. एकूण फ्लक्स शून्य. पण त्या गोलावर क्षेत्र शून्य असेल असा एकही बिंदू सापडणार नाही. नियम इथेही खराच असतो, फक्त क्षेत्र किती हे तो सांगत नाही. त्यासाठी सममिती लागते.

याचीच दुसरी बाजू अशी. सूत्रात उजवीकडे फक्त आतला प्रभार दिसतो, म्हणून डावीकडचं क्षेत्रही आतल्या प्रभारांचंच असं अनेकजण धरतात. ते क्षेत्र आतल्या-बाहेरच्या सगळ्या प्रभारांचं मिळून असतं. बाहेरच्या प्रभाराचं क्षेत्र पृष्ठभागातून जितकं आत शिरतं तितकंच बाहेर पडतं, म्हणून फक्त बेरजेत ते दिसत नाही.

कोनाची चूक साधी, पण महागात पडणारी. ई ए कॉस थीटामधला थीटा पृष्ठभागाशी नव्हे, पृष्ठभागाच्या लंबाशी मोजायचा. क्षेत्र पृष्ठभागाशी 30 अंशांत असेल, तर थीटा 60 अंश.

आता परीक्षकांचा लाडका प्रश्न : घनाच्या एका कोपऱ्यावर प्रभार क्यू ठेवला, तर प्रत्येक बाजूतून फ्लक्स किती? सहा बाजू, म्हणून सहाने भागून मोकळं होण्याचा मोह आवरा. प्रभार मधोमध येईल असे आणखी सात घन रचा. मोठ्या घनाचा एकूण फ्लक्स क्यू भागिले एप्सिलॉन-नॉट, आपल्या घनाच्या वाट्याला त्याचा 1/8. ज्या तीन बाजू त्या कोपऱ्यात मिळतात, त्यांच्यावर क्षेत्र पृष्ठभागाला समांतर, त्यांतून शून्य. उरलेल्या तिघींत 1/8 सारखा वाटला की प्रत्येकीला 1/24. सूत्रापेक्षा चित्र आधी काढावं, असं माझं मत याच उदाहरणामुळे पक्कं झालं आहे.

आणि सहाने भागणं कधी बरोबर? प्रभार नेमका केंद्रात असेल तेव्हाच. तो घनाच्या आतच थोडा सरकवला, तर एकूण फ्लक्स तसूभरही हलत नाही. मात्र ज्या बाजूकडे तो सरकला तिचा वाटा वाढतो आणि समोरच्या बाजूचा घटतो.