कचऱ्यातून ऊर्जा, लेखांक ७ : तेल न्हावा शेव्याला, चोथा सुमात्रात

मागच्या आठवड्यात आपण उसाच्या बगॅसवर चालणारी सहवीजनिर्मिती पाहिली. आज पामकडे वळू. भारत दरवर्षी ७५ लाख टनांहून अधिक पामतेल आयात करतो. त्यातलं काही नवी मुंबईलगतच्या न्हावा शेवा बंदरात उतरतं. मग पामच्या कचऱ्यावर इथे वीज का होत नाही?

कारण तो कचरा इथे येतच नाही. पामची फळं तोडल्यावर त्यांतलं तेल झपाट्याने आंबट होऊ लागतं, म्हणून घाणे बागांना लागूनच असतात. एक टन घडांतून साधारण २०० किलो तेल निघतं. मागे उरतात २००-२३० किलो रिकामे घड, त्याहून कमी चोथा, ५०-७० किलो बियांची कवचं आणि ६००-७०० लिटर तेलकट सांडपाणी.

कवचं टणक आणि चांगली उष्णता देणारी. घाण्यांचे बॉयलर चोथा आणि कवचांवरच चालतात. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर जपानने २०१२ पासून अक्षय विजेला हमीदर दिला आणि उरलेली कवचं तिथल्या वीजकेंद्रांकडे जाऊ लागली.

खरी अडचण रिकाम्या घडांची. त्यांत साठ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. शिवाय पोटॅशियम आणि क्लोरीनही भरपूर. पोटॅशियममुळे राख कमी तापमानालाच वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांवर थापली जाते. क्लोरीन त्या नळ्या गंजवतं. म्हणून घड आधी चिरून, धुऊन, पिळून वाळवावे लागतात, मग त्यांच्या जळाऊ कांड्या बनतात. आणखी एक पायरी म्हणजे प्राणवायूशिवाय २०० ते ३०० अंशांवर भाजणं. भाजलेले शेंगदाणे जसे सहज कुटले जातात, तसा हा माल कोळशाच्या चक्कीत सहज दळला जातो. पण भाजल्याने पोटॅशियम जात नाही, धुणं टळत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांडपाणी. ते उघड्या तळ्यांत कुजलं की मिथेन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक ठरतो. तळं झाकलं, वायू गोळा केला, इंजिनात जाळला, की वीजही मिळते आणि हानीही थांबते. आपल्याकडे आंध्र-तेलंगणात पामलागवड वाढते आहे, तिथल्या प्रत्येक घाण्यावर तळं झाकून वायू गोळा करण्याची सक्ती असायला हवी.

केंद्राने २०२१ च्या धोरणात कोळशाच्या वीजकेंद्रांना पाच टक्के जैवइंधन मिसळायला सांगितलं. त्यासाठी महाराष्ट्राला समुद्रापलीकडची कवचं नकोत. विदर्भातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या शेतातच जाळल्या जातात, त्या आधी वापराव्यात. उरणचं वीजकेंद्र तर नैसर्गिक वायूवर चालतं, तिथे घन इंधनाला जागाच नाही.

नवी मुंबईच्या वाट्याला येणारा पामचा कचरा वेगळा आहे: फरसाण आणि वड्यांच्या कढईत उरलेलं तेल. त्यातल्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तळणासाठी वापरता येत नाही, असा नियम २०१८ पासून आहे. त्याच वर्षी असं तेल गोळा करून बायोडिझेल बनवण्याची मोहीम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुरू केली. तुमचं हॉटेल, खानावळ किंवा फरसाणाचं दुकान असेल, तर हे तेल गटारात ओतू नका आणि स्वस्तात विकूही नका. ते अधिकृत संकलकालाच द्या.

(पुढील लेखांकात : पऱ्हाट्यांच्या कांड्या)