खाली केलेल्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक होज कसा निवडावा?

नगरला दुचाकीचा धंदा नवा नाही. 1972 साली बाजारात आलेली कायनेटिकची लुना याच शहराच्या नावाने ओळखली गेली. त्या गाडीला ब्रेक म्हणजे ड्रम आणि तार. ब्रेक सैल पडला की नट दोन फेरे फिरवावा, तार तुटली तर कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणावी. पुढे 1999 साली सीबीझेड आणि 2001 साली पल्सर आली, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक ही सर्रास गोष्ट झाली आणि तारेची जागा तेलाच्या दाबाने घेतली. गॅरेजात मात्र काही ठिकाणी अजून तारेचाच हिशेब चालतो: लांब झाली तर आखूड घाला, बसत नाही तर दुसरी ओढून बसवा. जी गाडी खाली केलेली आहे तिच्या बाबतीत हा हिशेब जिवावर बेतू शकतो, म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

गाडी खाली करून घेणारे गिऱ्हाईक दोन प्रकारचे. एक उंचीने कमी असलेला, ज्याचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. त्याची गरज खरी असते. दुसरा हौशी. दोघांचेही काम बहुधा एकाच पद्धतीने होते. पुढचे शॉकअप टीमध्ये ढिले करून इंचभर वर सरकवतात आणि मागच्या बाजूला शॉकअप बदलतात किंवा पट्टी टाकतात. केवळ मागची बाजू खाली केली असेल तर पुढच्या होजला हात लावण्याचे कारणच नाही, हे आधी गिऱ्हाइकाला सांगून टाकावे.

पुढची बाजू 25 मिलिमीटर खाली आली तर नळी 25 मिलिमीटर आखूड हवी, असा सोपा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पुढच्या ब्रेकची नळी हँडलवरच्या मास्टर सिलिंडरपासून चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत जाते आणि बहुतेक गाड्यांत मध्ये खालच्या टीवर एका क्लिपमध्ये धरलेली असते. क्लिपच्या वरचा तुकडा हँडल वळवले की हलतो. क्लिपच्या खालचा तुकडा चाक वर-खाली झाले की हलतो. शॉकअप वर सरकवल्याने फक्त खालच्या तुकड्यात ढिलाई येते. वरचा जसाच्या तसा राहतो. उलट मूळ हँडल काढून शॉकअपवर बसणारे ठेंगणे हँडल लावले तर ढिलाई वरच्या तुकड्यात येते. कोणत्या तुकड्यात किती ढिलाई आली हे न पाहता एकूण नळी आखूड केली तर ज्याला ढील हवी तोच तुकडा ताणला जातो. पुष्कळदा इंचभर खाली केलेल्या गाडीत क्लिपमधून नळी थोडी वर ओढून घेतली आणि टायरपासून दूर राहील अशी वाट दिली की काम भागते, नवी नळी घ्यावीच लागत नाही. आमच्या मते प्रामाणिक कारागिराने आधी हे करून पाहावे.

नळी जुनीच झाली असेल, बाहेरून तडे दिसत असतील, लिव्हर दाबताना कुठे फुगत असेल किंवा लिव्हर सोडल्यावरही ब्रेक धरून राहत असेल, तर मात्र बदललीच पाहिजे. शेवटच्या लक्षणात नळी आतून सुजलेली असू शकते. बाहेरून ती अगदी चांगली दिसते. रबरी नळी दर चार वर्षांनी बदलावी, असे अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांतच सांगितलेले असते.

आता मापाकडे येऊ. सर्वांत मोठी चूक येथेच होते. गाडी साइड स्टँडवर उभी असते, शॉकअप आपल्या वजनाने थोडे दबलेले असतात आणि त्याच स्थितीत दोरी लावून माप घेतले जाते. हीच गाडी करंजी घाटातल्या खड्ड्यावरून उडाली किंवा पंक्चरसाठी पुढचे चाक उचलले की शॉकअप पूर्ण लांब होतात आणि नळीचा सगळा ताण बँजोजवळच्या दाबलेल्या टोपीवर येतो. म्हणून पुढचे चाक जमिनीवरून उचलून, शॉकअप पूर्ण सुटू देऊन माप घ्यावे. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवावे. नळी ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने क्लचच्या जुन्या तारेचे वरचे आवरण लावून पाहावे. ते दोरीपेक्षा बरे, कारण ते नळीसारखेच वळते. दोन्ही टोकांच्या बँजोच्या भोकांचे मध्य ते मध्य असे जे सर्वांत मोठे माप येईल त्यात दीड-दोन सेंटिमीटर ढील धरावी.

त्याच्या उलट टोकही तपासावे. दोघांनी हँडलवर वजन टाकले तरी शॉकअप तळाला जात नाहीत, म्हणून वरच्या टोप्या जपून उघडून स्प्रिंगा काढाव्यात आणि चाक हाताने पूर्ण वर आणावे. या स्थितीत नळी टायरला, मडगार्डच्या कडेला किंवा डिस्कला लागता कामा नये. मडगार्ड खालच्या टीला धडकते का हेही याच वेळी कळते, कारण शॉकअप जितके वर सरकवले तितकीच ती जागा कमी झालेली असते.

आता नळी कशाची घ्यावी? आपल्याकडे ऊस, ट्रॅक्टर आणि जेसीबीमुळे हायड्रॉलिक होज दाबून देणारी दुकाने गावोगावी आहेत. तेथे हव्या त्या मापाची नळी तासाभरात मिळते, शिवाय ती जाडजूड असते, तिचा दाब सोसण्याचा आकडाही मोठा असतो. तरी ती ब्रेकला लावू नये. आपण ‘ब्रेक ऑईल’ म्हणतो, पण डॉट 3 किंवा डॉट 4 हे खनिज तेल नाही, ते ग्लायकॉल जातीचे द्रव्य आहे. ट्रॅक्टरच्या नळीचे आतले रबर बहुधा नायट्राइलचे, खनिज तेलासाठी बनवलेले असते. ब्रेकच्या द्रव्यात ते सुजते आणि नरम पडते. ब्रेकच्या नळीला वेगळ्या जातीचे रबर लागते. शिवाय ब्रेकची नळी सतत हेलकावे खाते. अमेरिकेच्या 106 क्रमांकाच्या मानकात एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक नळीला 7,000 पीएसआय दाब सोसावा लागतो, आणि त्याशिवाय यंत्रावर सलग 35 तास गरगरा हलवून ती फुटत नाही हे दाखवावे लागते. आपल्याकडे ब्रेक होजसाठी आयएस 7079 हे मानक आहे. नळीवर छापील अक्षरे आणि तारीख नसेल तर ती घेऊ नये.

स्टीलच्या जाळीची नळी चांगली. दाबाने कमी फुगते, त्यामुळे लिव्हर घट्ट लागते. पण जाळीवर प्लॅस्टिकचे आवरण असलेलीच घ्यावी. उघडी जाळी करवतीसारखी टाकी, वायर, मडगार्ड सगळे घासते. खाली केलेल्या गाडीत तर जागा आधीच कमी.

बँजोचा कोन मूळ नळीसारखा आहे का ते पाहावे. कोन चुकला की नळीला पीळ बसतो; नळीवरची छापील रेघ सरळ जाते का यावरून पीळ लगेच ओळखता येतो. बोल्ट 10 मिलिमीटरचा असला तरी आटे काही गाड्यांत 1.25 चे, काहींत 1.0 चे असतात. दोन-तीन आट्यांनंतर जड गेला तर पान्याने जोर करू नये. तांब्याचे वायसर दोन्ही बाजूंना नवेच घालावेत.

एबीएसच्या गाडीत (1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना ते सक्तीचे आहे) नळ्या दोन असतात, एक मास्टर सिलिंडरपासून यंत्रापर्यंत आणि दुसरी तेथून कॅलिपरपर्यंत. कोणती बदलायची ते आधी ठरवावे, आणि शेजारून जाणारी सेन्सरची वायरही त्याच पद्धतीने तपासावी.

कायद्याची बाजूही गिऱ्हाइकाला सांगावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खराब नळीच्या जागी त्याच दर्जाची नळी बसवणे ही दुरुस्ती आहे. गाडीची बांधणी बदलणे वेगळे.

नळी बसल्यावर हवा पूर्ण काढावी. लिव्हर स्पंजासारखी लागत असेल तर गाडी देऊ नये. लिव्हर दोन-तीन मिनिटे जोराने दाबून धरावी आणि दोन्ही बँजो कोरड्या फडक्याने पुसून पाहावेत. बिलावर नळीचे माप, तिच्यावरची तारीख आणि शॉकअप किती मिलिमीटर वर सरकवले ते लिहावे. पुढे कोणी गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणली तर ही नळी आखूड पडेल हे त्या आकड्यावरून कळेल. काढलेली जुनी नळी खोक्यात ठेवू नये, मधोमध कापून टाकावी, म्हणजे घाईच्या दिवशी ती पुन्हा कोणाच्या गाडीला लागणार नाही.