छोटं बाळ आणि आईची साखर



गरोदरपणातला मधुमेह म्हटलं की चार किलोचं गुटगुटीत बाळ डोळ्यांसमोर येतं. ते खरंच आहे, पण त्यातूनच एक उलटा समज तयार झालाय : "बाळ तर जेमतेम अडीच किलोचं, मग आईला कसली आलीये शुगर?" मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण आपल्या नागोयात तरुण जोडपी बरीच आहेत, म्हणून या विषयावर थोडं वाचून लिहितोय.

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे जास्तीची साखर आवरायला बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करतं आणि चरबी साठू लागते. जन्मानंतर नाळ कापली की साखरेचा पुरवठा क्षणात बंद, पण इन्सुलिन चालूच! (इनपुट थांबलं तरी प्रोसेस चालू राहावी, तसं.) म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर एकदम उतरू शकते. छोट्या बाळाची तर दुहेरी पंचाईत, कारण त्याच्या यकृतात साखरेचा साठाच कमी असतो. टाचेला टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि लवकर दूध पाजायला सांगतात, ते यासाठीच. तेव्हा घाबरायचं कारण नाही.

आता मधुमेह असूनही बाळ छोटं कसं? आई मुळात बारीक असेल, किंवा रक्तदाबामुळे वारेतून पोषण कमी जात असेल, तर वजन वाढत नाही. पण वजन कमी म्हणजे चरबी कमी, असं मात्र नाही. हे जगाला दाखवलं ते आपल्या पुण्याने. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून! दिसायला बारीक, आतून मेदयुक्त.

हीच मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्यात साखरेची गडबड (मधुमेह किंवा त्याच्या आधीची पायरी) आढळली, आणि तीही जवळजवळ निम्मी मुलं कमी वजनाची असताना. गरोदरपणी आईची उपाशीपोटीची साखर जितकी जास्त, तितका मुलाचा धोका जास्त. विशेष म्हणजे आईला मधुमेह नसला तरीही! मला तरी ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मग साखर नको म्हणून आईने उपाशी राहायचं का? मुळीच नाही! त्याने बाळ आणखी बारीक होईल. जपाननेही २०२१ मध्ये गरोदरपणी किती वजन वाढावं याचे आकडे वर नेले. बारीक बाईसाठी आता १२ ते १५ किलो सांगतात. डिंकाचे लाडू घरून आले तर डॉक्टरांना विचारून बेताने खा, भात थोडा कमी, डाळ, अंडी, भाज्या जास्त, जेवणानंतर चालणं. एवढ्याने भागलं नाही तर इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यात कमीपणा काही नाही.

इथे ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासणी करतात : उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३, यापैकी एकही आकडा गाठला तरी मधुमेह धरतात. भारतात मात्र बऱ्याच ठिकाणी दोन तासांनी १४० ही एकच रेघ असते. बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्यांनी म्हणूनच नुसतं "नॉर्मल आहे" एवढं सांगू नये, आकडे इंग्रजीत लिहून न्यावेत. जपानी रिपोर्ट तिकडे कोण वाचणार? आणि बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची असते. बाळाच्या लसी आपण तारखेवर देतो, ही आईची तपासणी मात्र हमखास राहून जाते. माता-बाल पुस्तिकेत तिची तारीख आजच लिहून ठेवा, बाबा लोकांनी!